रडण्याचे हसू

आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहता थिल्लर वाटण्याजोगा आहे. मोबाईलच्या पडद्यावर सांप्रत एक करमणूक फार लोकप्रिय झाली आहे. निरनिराळ्या चित्रपटांतील व दूरचित्रवाणीवरील मालिकांतील असे प्रसंग निवडावयाचे की, ज्यांत एखादा नट भावनेच्या भरात आभाळाकडे हात पसरतो, डोळे फिरवितो, किंचाळतो, गडबडा लोळतो. त्या प्रसंगांचे पाचदहा सेकंदांचे तुकडे कापावयाचे. ते एकापुढे एक जोडावयाचे. आणि ती चित्रफीत लोकांच्या हसण्यासाठी सोडून द्यावयाची. मूळ कथेत त्या क्षणी कोणाचा तरी मुलगा गेलेला असतो, कोणाचे घर लिलावात निघालेले असते, कोणी निरपराध मनुष्य फासावर चढत असतो. पाहणारा मात्र पोट धरून हसत असतो. 2005 साली यूट्यूब निघाल्यापासून हा प्रकार जगभर पसरला. 2006 च्या ‘द विकर मॅन’ या अमेरिकी चित्रपटाची कथा आज कोणाला फारशी आठवत नाही. पण त्यातील निकोलस केज या नटाच्या आरडाओरड्याचे तुकडे पाहिलेले लोक मात्र पुष्कळ आढळतील.

या हसण्याला नावे ठेवण्यासाठी मी येथे आलेलो नाही. हसणे हा काही गुन्हा नव्हे, आणि पुणेकराने तर तसे म्हणूच नये. परंतु मनात एक प्रश्न उभा राहतो. आपण हसतो ते नेमके कशाला? नटाच्या अतिरेकाला, की आणखी कशाला? या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच शोधले पाहिजे, आणि त्या शोधाला पुण्यासारखे दुसरे सोयीचे शहर नाही. येथे नाटकमंडळ्या नावारूपाला आल्या, येथे बोलपटांचा मोठा कारखाना चालला, येथेच नटांना व दिग्दर्शकांना शिक्षण देणारी संस्था निघाली, आणि जुन्या चित्रपटांचे भांडारही याच गावात आहे.

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण 1843 पासून धरतो. त्या वर्षी सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक संस्थानिकांपुढे केले. या पौराणिक खेळांत सूत्रधार पदे म्हणे, विदूषक चेष्टा करी, आणि देव व दानव आपापली भाषणे आयत्या वेळी रचून म्हणत. त्यांतील राक्षस रंगभूमीवर येत ते तलवारी परजीत, आरोळ्या ठोकीत आणि पाय आपटीत. त्या आरोळीवरूनच पुढे या जातीच्या नाटकांना ‘अललडुर्र’ हे नाव पडले. आज हा शब्द आपण ऐकतो तेव्हा आपल्या ओठांवर हसू येते. पण त्या राक्षसाची बाजू क्षणभर ऐकून घेऊ या. उजेड तेलाच्या दिव्यांचा आणि दिवट्यांचा. त्यात चेहऱ्यावरची बारीक रेषा चौथ्या रांगेपलीकडे दिसण्याची आशा नाही. आवाज वाढविणारे यंत्र नाही. मंडप उघडा, खेळ रात्रभर चालणारा, मागे बसलेल्यांची मुले मांडीवर पेंगत असलेली. अशा ठिकाणी नटाने भुवई उंचावून क्रोध दाखविला असता तर तो कोणाला कळला असता? त्याला क्रोध दाखवावयाचा तो सर्व देहाने, आणि ऐकवावयाचा तो गावाच्या वेशीपर्यंत. म्हणजे ज्याला आपण अतिरेक म्हणतो तो त्या काळी केवळ अंतर कापण्याचा उपाय होता.

पुढे 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यास आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. आता सूत्रधाराने सर्वांच्या वतीने गावयाचे नव्हते. प्रत्येक पात्र आपले पद आपण गाऊ लागले. राक्षसांची झुंड गेली आणि तिच्या जागी आश्रमातून सासरी निघालेली मुलगी व तिला निरोप देणारा वृद्ध पिता आला. नव्या प्रेक्षकांना हे इतके खरे वाटले की, जुने खेळ त्यांना पोरकट वाटू लागले. ‘अललडुर्र’ हा शब्द टिंगलीचा झाला. श्रोतेहो, येथे या विषयाचे पहिले सूत्र आपल्या हाती येते. ज्या प्रयोगांनी आजोबांचा थरकाप उडाला होता, त्याच प्रयोगांना नातू हसू लागला. आणि दोघेही प्रामाणिक होते.

याच सुमारास पुण्यात गद्य नाटकाचाही जोर होता. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून आलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी 1883 साली शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने मराठी रूपांतर प्रसिद्ध केले. विकारांचा विलास हे नावच आपल्या विषयाला किती समर्पक आहे! शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी त्यातील चंद्रसेनाची, म्हणजे हॅम्लेटची, भूमिका अशी काही केली की, तिची कीर्ती त्यांच्यामागेही टिकून राहिली. आता गंमत पाहा. याच नाटकात राजपुत्र आपल्याकडे आलेल्या नटांना अभिनयाचा धडा देतो. हातवारे आवरावेत, भावनेचा आरडाओरडा करून तिची लक्तरे करू नयेत, परंतु त्याचबरोबर अगदी मिळमिळीतही होऊ नये, असे त्याचे सांगणे आहे. हे नाटक सुमारे 1600 चे. याचा अर्थ असा की, आक्रस्ताळ्या नटाबद्दलची तक्रार चार शतकांहून अधिक जुनी आहे. आणि ती तक्रार ज्या नाटकात आहे, तेच नाटक मोठमोठ्या नटांनी मोठमोठ्या आवाजात गाजविले आहे.

परंतु अतिरेकाचे कारण दर वेळी उजेडाचे किंवा आवाजाचेच असते असे नाही. कधी कधी ते काळातच असते. 1907 साली महाराष्ट्र नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले. कथा महाभारतातील. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीवर उन्मत्त कीचक हात टाकू पाहतो. एक भाऊ थांबण्याचा उपदेश करतो आणि दुसरा त्याचा प्राण घेतो. यातला कीचक दात-ओठ खातो, गुरगुरतो, स्वतःच्या सामर्थ्याने फुगून जातो. तो तुकडा आज वेगळा काढून कोणास दाखविला तर तो खात्रीने हसेल. पण त्या वेळी पुण्यातील प्रेक्षक हसत नव्हता. बंगालची फाळणी होऊन दोनच वर्षे झाली होती. रंगभूमीवरील कीचकाच्या जागी त्याला लॉर्ड कर्झन दिसत होता, द्रौपदीच्या जागी आपला देश दिसत होता, आणि दोघा भावांच्या वादात मवाळ व जहाल यांचा वाद ऐकू येत होता. सरकारलाही हसू आले नाही. 1910 साली त्याने हे नाटक बंद केले. ज्या अभिनयाला एका काळी साम्राज्य भ्याले, त्याला दुसऱ्या काळी शाळकरी मूल हसते. अभिनय तोच असतो. त्याच्या पाठीमागचा देश तेवढा बदललेला असतो.

यानंतर 1919 साल उजाडले. जानेवारीत राम गणेश गडकरी वारले, आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ बडोद्यास रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि बालगंधर्व सिंधू झाले. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेल्या बालगंधर्वांनी फाटके लुगडे नेसून जाते ओढले, आणि थिएटरांतून हुंदके ऐकू आले. आजच्या मापाने मोजले तर त्यात अतिरेकाला तोटा नाही. नवरा दारूत बुडतो, त्याच्या हातून स्वतःचे मूल जाते, शेवटी पत्नीही जाते. दुःखावर दुःखाचे थर चढविलेले आहेत आणि भाषा तर अलंकारांनी ओथंबलेली आहे.

पण याच नाटकात तळीरामाची ती मद्यपी मंडळी आहे. आर्यमदिरामंडळाच्या त्या बैठकीत हेच अतिशयोक्तीचे हत्यार हसविण्यासाठी वापरलेले आहे. बाळकराम या नावाने विनोदी लेख लिहिणाऱ्या गडकऱ्यांना ते हत्यार दोन्ही धारांनी चालविता येत होते. प्याला एकच, तळीरामाच्या हातात तो हसवितो, सुधाकराच्या हातात तो रडवितो. हे कसे घडते? सुधाकराला आपण पहिल्या अंकापासून ओळखत असतो. त्याची बुद्धी, त्याचा मान, त्याचा अपमान, त्याचा पहिला घोट हे सर्व आपल्यासमोर घडलेले असते. पाचव्या अंकापर्यंत तो आपल्याच घरातील मनुष्य झालेला असतो. त्याचा आक्रोश केवढाही मोठा असो, तो आपल्याला परका वाटत नाही.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी हे मर्म फार आधी ओळखले होते. काश्मीरचे अभिनवगुप्त हे सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे. भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिताना हास्यरसाच्या प्रकरणी ते असा विचार मांडतात की, हास्य केवळ शृंगाराच्या नकलेतून निघते असे नव्हे. कोणत्याही रसाचा आभास झाला, म्हणजे रस योग्य कारणावाचून दिसला, की त्याचे हास्य होते. सीतेसाठी झुरणाऱ्या रावणाची प्रेमभाषा हास्यास्पद होते, कारण ते प्रेम अस्थानी आहे. करुणाविषयी तर त्यांचे म्हणणे असे की, जो आपला बंधू नाही त्याच्यासाठी कोणी शोक करू लागला, तर तो शोकही हास्याच्याच कोटीत जातो. श्रोतेहो, मोबाईलवरील त्या चित्रफितींचे याहून नेमके निदान कोणते असणार? विभाव म्हणजे भावनेचे कारण. ते कात्रीने कापून टाकले, मागे उरला तो अनुभाव, म्हणजे नुसता थरथरणारा देह आणि वाहणारे डोळे. जो मेला तो कोण हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणून रडणारा आपला कोणी नाही. म्हणून त्याचे रडणे हास्य होते.

पाश्चात्यांनीही हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने शोधून काढली. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. मोझुखिन या नटाच्या स्थिर चेहऱ्याचे एकच चित्र घेऊन ते एकदा सूपाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी आणि एकदा तरुण स्त्रीशेजारी जोडले. पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यात भूक, शोक आणि अभिलाषा अशा तीन निराळ्या भावना दिसल्या. चित्रपटाचे विद्यार्थी आजही हा प्रयोग शिकतात. आपली हसविणारी चित्रफीत म्हणजे हाच प्रयोग उलटा केलेला आहे. कुलेशोव्हने भावनारहित चेहऱ्याला शेजार देऊन भावना दिली. हे लोक भावनेने भरलेल्या चेहऱ्याचा शेजार काढून घेतात आणि त्याच्या शेजारी तसाच दुसरा रडणारा चेहरा आणून बसवितात. एक रडणारा मनुष्य दुःखी दिसतो. ओळीने रडणारे वीस चेहरे केवळ यंत्राप्रमाणे दिसतात.

पुन्हा पुण्याकडे वळू. हास्याचा एक निराळा आणि अधिक कष्टाचा मार्ग याच शहराला परिचित होता. 1923 साली येथे रविकिरण मंडळ स्थापन झाले. त्या काळच्या कवितेतील भाववेड्या लकबींची थट्टा करणारे ‘झेंडूची फुले’ हे पुस्तक 1925 साली केशवकुमार या नावाने आचार्य अत्रे यांनी प्रसिद्ध केले. तेही अतिरेकाला हसणेच होते. पण त्यासाठी अत्र्यांना मूळ कविता पाठ असावी लागली, तिचे वृत्त हाती असावे लागले, आणि तिच्यासारखी दुसरी कविता रचावी लागली. विडंबनकार ज्याची टर उडवितो त्याच्या घरी आधी जेवून आलेला असतो. तुकडे जोडणाऱ्याला मात्र मूळ चित्र पुरे पाहण्याचीही गरज पडत नाही. दोन्ही हसूच, परंतु एकाच्या पोटी परिचय आहे आणि दुसऱ्याच्या पोटी अपरिचय.

1933 हे साल अभिनयाच्या इतिहासात दोन कारणांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबईस नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक करून स्वाभाविक अभिनयाचा नवा पायंडा पाडला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, आणि भाषण घरातल्या बोलण्याच्या जवळ आले. त्याच वर्षी कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी पुण्यास आली. माइक नटाच्या तोंडाजवळ आला, कॅमेरा त्याच्या गालाजवळ आला. ज्या अंतरासाठी भाव्यांचा राक्षस ओरडत होता ते अंतरच नाहीसे झाले. नाटकातून आलेल्या पुष्कळ नटांना याची सवय होण्यास वेळ लागला, आणि त्या काळच्या बोलपटांतील ताणलेले उच्चार आज ऐकताना आपल्याला जी गंमत वाटते ती त्या संक्रमणाची आहे. परंतु प्रभातने 1937 साली ‘कुंकू’ काढला तेव्हा काय झाले पाहा. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत वापरलेच नाही. घरातील वस्तूंचे व रस्त्यावरचे जे आवाज खरोखर होतील तेवढेच ठेवले. ‘आंधळ्यांची शाळा’ गाजविलेले केशवराव दाते त्यात म्हातारपणी तरुण मुलीशी लग्न करणारे काकासाहेब झाले. या मनुष्याला खलपुरुष करून गुरगुरविणे किती सोपे होते! दात्यांनी त्याला लाजविले. शांता आपटे यांच्या तेजापुढे तो म्हातारा जसजसा खचत जातो, तसतसा प्रेक्षक त्याचाही होतो.

यावरून कोणी असे समजेल की, मोठा अभिनय म्हणजे वाईट आणि लहान अभिनय म्हणजे चांगला. वस्तुतः तसे नाही. 1970 साली वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागू यांनी त्यातील गणपतराव बेलवलकर उभे केले. लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात शिकलेले, पुण्यात व्यवसाय केलेले. संयत अभिनयाचे ते पुरस्कर्ते होते. पण बेलवलकर हा तर जुन्या वळणाचा नट. त्याच्या तोंडी जुन्या नाटकांची पल्लेदार भाषणे यावयाचीच. मुलांनी दूर लोटलेल्या म्हाताऱ्याजवळ स्वतःचे असे दुसरे काही उरलेले नसते, म्हणून तो त्या भाषणांचा आधार घेतो. तेथे आवाज चढला तरी तो खोटा वाटत नाही. तीच स्वगते आज स्पर्धांतून आणि स्नेहसंमेलनांतून सुटी करून म्हटली जातात, आणि पुष्कळदा श्रोता घड्याळाकडे पाहतो. स्वगतात काही उणे झालेले नसते. त्याच्यामागचे तीन अंक तेवढे गळालेले असतात.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. 1991 साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ हा चित्रपट आला. सासरच्या छळात होरपळणाऱ्या मुलीची भूमिका अलका कुबल यांनी केली. गावोगावच्या बायका शिदोऱ्या बांधून तो पाहण्यास गेल्या आणि पदर ओले करून परतल्या. आज त्या रडण्याच्या नकला विनोदी कार्यक्रमांतून होतात, आणि स्वतः रडलेल्या बायकांच्या नातीही त्यांना हसतात. परंतु ध्यानात घ्या, त्या चित्रपटाच्या आठच वर्षे आधी, 1983 मध्ये, सासरच्या क्रूरतेसाठी भारतीय दंडविधानात 498-अ हे नवे कलम घालावे लागले होते. हुंडाबळीच्या बातम्या वर्तमानपत्रांत नेमाने येत होत्या. चित्रपटगृहात रडणारी बाई पडद्यावरच्या मुलीसाठी रडत होती, तशीच ती सासरी दिलेल्या आपल्या लेकीसाठी, बहिणीसाठी, क्वचित स्वतःसाठीही रडत होती. घरी जिला हुंदका देण्याची सोय नव्हती, तिला अंधारात तीन तास मिळाले होते. आज नातीला हसू येते याचे एक कारण असे की, तिच्या वाट्याला ते भय कदाचित थोडे कमी आले आहे. तसे असेल तर ते हसू शुभच म्हटले पाहिजे. पण ज्या घरात ते भय अजून आहे, त्या घरात त्या चित्रफितीला कोण हसेल?

आणखी एका चेहऱ्याची आठवण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ललिता पवार हे नाव काढताच एक डोळा बारीक केलेली खाष्ट सासू आपल्यापुढे उभी राहते. त्या डोळ्याची नक्कल केली नाही असा नकलाकार क्वचितच. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांची थप्पड चुकून जोरात लागली. चेहऱ्याच्या शिरेला इजा झाली, डावा डोळा कायमचा अधू झाला. तोपर्यंत त्या नायिका होत्या. दीर्घ उपचारानंतर त्या परतल्या तेव्हा नायिकेची दारे बंद झालेली होती. त्या बाईने काय करावे? तिने त्या अधू डोळ्यालाच आपले शस्त्र केले, आणि पुढे अनेक दशके सासवा, मंथरा, कजाग शेजारणी उभ्या केल्या. 1998 साली पुण्यात, औंध येथे, त्या वारल्या. ज्याला आपण अतिरेकी मुद्रा म्हणून हसतो, ती कधी कधी जखमही असते. पाच सेकंदांच्या तुकड्यात जखम दिसत नाही. मुद्रा तेवढी दिसते.

दूरचित्रवाणीच्या दैनंदिन मालिकांना तर सर्वच जण हसतात. एकच मुद्रा तीन वेळा दाखविणे, प्रत्येक वेळी विजेचा कडकडाट करणे, बोलण्यापेक्षा दचकण्यावर अधिक वेळ घालविणे, ही त्यांची लक्षणे. परंतु त्यांचाही कारखाना समजून घ्यावा. रोज एक भाग पुरा करून द्यावयाचा असतो. लेखकाची कथा पुरत नाही तेथे मुद्रा पुरवावी लागते. शिवाय पाहणारी गृहिणी पुष्कळदा पाहत नसून स्वयंपाकघरातून ऐकत असते. भाजीला फोडणी देताना तिला कळले पाहिजे की काहीतरी भयंकर घडले आहे. म्हणून कडकडाट! 1843 साली दिवटीच्या उजेडात जो प्रश्न होता तोच हा आहे. दूर असलेल्या, अर्धे लक्ष देणाऱ्या मनुष्यापर्यंत पोहोचावयाचे कसे?

या हसण्यातही सर्जनाला जागा आहे, हे मान्य केले पाहिजे. 2010 साली सुरू झालेल्या ‘साथ निभाना साथिया’ या हिंदी मालिकेत कुकरमधील हरभरे काढून रिकामा कुकर शेगडीवर ठेवल्याबद्दल सासू सुनेची जी उलटतपासणी घेते, तिला तेव्हाच्या औरंगाबादचा यशराज मुखाटे या तरुण संगीतकाराने ऑगस्ट 2020 मध्ये ताल आणि चाल लावली. टाळेबंदीत कोंडलेला सारा देश ते गाणे गुणगुणू लागला. त्या तरुणाने नुसता तुकडा कापला नाही. त्या संवादाच्या अतिरेकात दडलेली लय त्याला ऐकू आली. हे काम तुकडे जोडण्याच्या जातीचे नव्हे. ते अत्र्यांच्या विडंबनाच्या जातीचे आहे. त्याने हसविले खरे, पण रूपल पटेल या अभिनेत्रीच्या उच्चारातील जोम आणि ठेका प्रथमच आपल्या कानांवर आणून दिला.

तुकड्यांविषयी पुण्याने एक अधिक गंभीर धडाही घेतलेला आहे. 1964 साली येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. 2022 साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. त्याचे आद्य शिल्पकार पी. के. नायर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून डबे गोळा केले. पण तोपर्यंत फार उशीर झालेला होता. मूकपटांच्या काळात आपल्या देशात शेकडो चित्रपट निघाले. त्यांतील अगदी थोडे शिल्लक आहेत, आणि त्यांतलेही पुष्कळ अपुरे. बाबूराव पेंटर यांचा शेतकऱ्याच्या दैन्यावरचा 1925 चा मूक ‘सावकारी पाश’ आज आपल्याला पाहता येत नाही. 1936 चा बोलपट तेवढा उरला आहे. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातील साठ्याला आग लागून नायट्रेटच्या जुन्या, ज्वालाग्राही फिती जळाल्या; त्यांत प्रभातच्याही होत्या. एकेका चित्राचा एखादा तुकडा जरी हाती आला तरी संग्राहक तो जपून ठेवतो, आणि त्याच्या पुढचे-मागचे काय असेल याचा आयुष्यभर विचार करतो. एकीकडे काळाने तुकडे केलेली चित्रे सांधू पाहणारे लोक आहेत. दुसरीकडे जी चित्रे अखंड उरली आहेत त्यांचे आपण हौसेने तुकडे करीत आहोत. दोघेही तुकडेच पाहतात. फरक एवढाच की, पहिल्याला जे गळाले त्याची हळहळ असते आणि दुसऱ्याला ते गळाले याचेच भान नसते.

तेव्हा मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. आपण नटाच्या अतिरेकाला जितके हसतो त्याहून अधिक आपल्या आणि त्याच्या दरम्यान पडलेल्या अंतराला हसतो. प्रत्येक पिढीची भावना दाखविण्याची एक बोली असते. भाव्यांच्या राक्षसाची होती, कीचकाची होती, सिंधूची होती, माहेरच्या साडीची होती. बोली जुनी झाली की हास्यास्पद वाटते. तिच्यातून बोललेले दुःख काही जुने होत नाही. मूल दगावले की आई आजही रडते, आणि ते रडणे कॅमेऱ्यासाठी बेतलेले नसल्यामुळे कोणत्याही नटीपेक्षा अधिक बेताल असते. ज्याने खऱ्या घरात खरा आक्रोश ऐकला आहे त्याला ठाऊक आहे की, दुःखाला मुळीच संयम नसतो. संयम ही कलेची सोय आहे.

आणि आपल्या आजच्या अभिनयाविषयी फार निश्चिंत राहू नये. हल्ली आपले नट कुजबुजतात. डोळ्यांच्या कडेने पाहतात, अर्धे वाक्य गिळतात, दुःख झाले की खिडकीबाहेर बघत उभे राहतात. आणि आपण त्याला स्वाभाविक म्हणतो. सदऱ्याला टाचलेला माइक आणि हातभर अंतरावरचा पडदा यांनी घडविलेली ही एक बोलीच आहे. पन्नास वर्षांनी कोणी चतुर नातू खिडकीबाहेर बघणाऱ्या या सर्व नटांचे तुकडे एकापुढे एक जोडील. त्या वेळी जे हसू फुटेल ते आपल्यावरचे असेल.

म्हणून माझी विनंती फार लहान आहे. हसावे, मनमुराद हसावे. परंतु हसून झाल्यावर त्या वीस तुकड्यांतील एखादा निवडावा, तो ज्या चित्राचा असेल ते चित्र शोधावे, आणि एका सायंकाळी घरातील वडील माणसाला शेजारी बसवून ते आरंभापासून अखेरपर्यंत पाहावे. तो प्रसंग येईल तेव्हा पडद्याकडे पाहू नये. शेजारी बसलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहावे.